खानावळीतल्या मावशींसाठी पद्मश्रीचं नामांकन: अर्ज कुठे अडतो

सरकारी रुग्णालयाबाहेर पेशंटच्या नातेवाइकांना रोज पोळी-भाजी देणारे काका, वारीच्या वाटेवर दरवर्षी घर-अंगण मोकळं करून देणारं कुटुंब, मेसमधल्या आजारी पोरासाठी वेगळी पेज चढवणाऱ्या मावशी. अशा माणसांची दखल घ्यायला हवी, असं गावात सगळेच म्हणतात. गणेशोत्सवात शाल-श्रीफळ होतं आणि विषय तिथेच थांबतो. पद्म पुरस्कारासाठी कुणीही नागरिक कुणाचंही नाव सुचवू शकतो, हे अजून अनेकांना ठाऊक नाही. आमदाराचं पत्र लागत नाही, कलेक्टर कचेरीची शिफारस लागत नाही, फी नाही. स्वतःचं नावसुद्धा स्वतः पाठवता येतं.

गेल्या काही वर्षांत ओळखीच्या लोकांना हे अर्ज भरायला मदत केली. चांगल्या माणसांचे अर्ज त्याच त्या चार-पाच चुकांपायी वाया जाताना पाहिले, म्हणून हे लिहितो आहे.

अर्ज फक्त ऑनलाइन, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, म्हणजे अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन वर. नोंदणी करायची, लॉगिन करायचं, पद्म पुरस्कार निवडायचा आणि माहिती भरायची. पोस्टाने किंवा हातोहात दिलेला कागद धरला जात नाही. एका मंडळाने स्पायरल बाइंडिंग केलेली जाडजूड फाइल घेऊन दोन दिवस सरकारी कचेऱ्यांचे जिने चढले. एकाही टेबलावर त्यांना कुणी सांगितलं नाही की हे काम मोबाइलवर होतं. एवढं एक वाक्य सांगायला काय जात होतं?

आता मुदत. सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. 2023 आणि 2024 मध्ये नामांकनं 1 मे ते 15 सप्टेंबर अशी होती. त्यामुळे “गणपतीच्या तोंडावर भरू” अशी सवय लागली. 2025 मध्ये नामांकनं 15 मार्चलाच सुरू झाली आणि शेवटची तारीख आधी 31 जुलै ठरली होती, ती नंतर 15 ऑगस्टपर्यंत वाढवली. ऑगस्टअखेर गणपतीच्या तोंडावर निवांत अर्ज करायला बसलेल्यांची खिडकी बंद झालेली होती. मागच्या वर्षीची तारीख डोक्यात ठेवू नका, दरवर्षी पोर्टलवर जाऊन नवी तारीख बघा. दुसरा घोळ वर्षाच्या आकड्याचा आहे. ‘पद्म 2026’ म्हणजे 2026 च्या प्रजासत्ताक दिनाचे पुरस्कार, त्यांची नामांकनं 2025 मध्येच घेतली गेली. आकडा वाचून “अजून वर्ष आहे” असं समजू नका.

पात्रतेत तीन गोष्टी आधी तपासा.

पहिली, पुरस्कार व्यक्तीला मिळतो. अन्नछत्र, मंडळ, ट्रस्ट, बचत गट यांचं नाव चालत नाही. “आम्ही सगळ्यांनी मिळून केलं” ही भावना मनापासून पटते, पण अर्जात एकाच माणसाचं नाव जातं. ते कोणाचं, यावरून मंडळात रुसवेफुगवे होतात, म्हणून ही चर्चा मुदतीच्या खूप आधी उरका. अध्यक्षांचं नाव आपोआप पुढे सरकतं. चुलीपाशी खरोखर कोण उभं असतं, ते विचारा.

दुसरी, नोकरी. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता सरकारी नोकर पात्र नसतात, आणि यात सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारीही येतात. एखाद्या सरकारी विश्रामगृहातला खानसामा कितीही प्रेमाने पाहुण्यांचं करत असो, नोकरीत असेपर्यंत त्याचं नाव पुढे जात नाही. हा नियम आधी न वाचल्यामुळे महिनाभराची मेहनत पाण्यात गेलेली मी पाहिली आहे.

तिसरी गोष्ट लिहिताना जीव कासावीस होतो. माणूस गेल्यावर गावाला त्याची किंमत कळते आणि मग अर्जाची धावपळ सुरू होते. मरणोत्तर पुरस्कार सहसा देत नाहीत. अत्यंत योग्य वाटलं तर विचार होतो, तोही मृत्यू ज्या प्रजासत्ताक दिनाला पुरस्कार जाहीर होणार त्याच्या आधीच्या वर्षभरातला असेल तरच. तेव्हा आजी हयात आहेत, बोलत्या आहेत, तोवरच बसा त्यांच्यापाशी.

क्षेत्र निवडताना गोंधळू नका. काम स्वयंपाकाच्या कलेचं असेल तर ‘इतर’ या क्षेत्रात पाककला येते. संजीव कपूर यांना 2017 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच वर्गात. भुकेल्याला जेवू घालण्याचं काम असेल तर ‘समाजकार्य’. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयाबाहेर रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना फुकट जेवण देणारे जगदीश लाल आहुजा, ज्यांना लोक लंगर बाबा म्हणत, त्यांना 2020 ची पद्मश्री मिळाली ती समाजकार्यासाठी. कटकचे डी. प्रकाश राव चहाची टपरी चालवायचे आणि त्या कमाईतून झोपडपट्टीतल्या मुलांची शाळा, त्यांना 2019 मध्ये पद्मश्री. “आमच्यासारख्यांना कोण विचारतं” असं मावशी म्हणाल्या, तर ही दोन नावं त्यांना सांगा.

अर्जाचा खरा कस लागतो तो कार्यवर्णनात. मर्यादा 800 शब्दांची. बहुतेक जण त्यातले 600 शब्द विशेषणांवर उडवतात: निःस्वार्थ, अन्नपूर्णा, माऊली, देवमाणूस. वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. नियमांत स्पष्ट आहे की पुरस्कार विशेष सेवेसाठी आहे, नुसत्या दीर्घ सेवेसाठी नाही. त्यामुळे “गेली तीस वर्षे अखंड सेवा” या ओळीवर अर्ज उभा राहत नाही. त्या तीस वर्षांत काय झालं, ते लिहा. कोणत्या साली सुरुवात केली, का केली, पहिल्या दिवशी किती पानं वाढली, आज रोज किती, पैसा कुठून येतो, कुणाचं पाहून दुसऱ्या गावात कुणी असं सुरू केलं का. “मावशी सर्वांवर मायेची पाखर घालतात” याऐवजी “मेसचे पैसे थकले म्हणून एकाही मुलाचा डबा बंद केला नाही, आणि त्यातली अमुक मुलं आज अमुक कामात आहेत” असं लिहिलं की वाचणारा थांबतो.

आणि इथेच तो कागद लागतो जो कुणाकडेच नसतो: हिशोब. रोज किती जण जेवून गेले, याची वही अशा माणसांनी कधी ठेवलेली नसते. “मोजून वाढलं तर पुण्य कसलं,” असं एक आजोबा मला म्हणाले. त्यांच्याशी वाद घालू नका, पुरावा दुसरीकडून काढा. किराणा दुकानदाराकडे उधारीची वही असते, त्यात तांदूळ-गव्हाची पोती सापडतात. गॅस सिलिंडरच्या पावत्या, पिठाच्या गिरणीचं खातं, पत्रावळीवाल्याची बिलं, तारीख असलेले फोटो, जेवून गेलेल्यांनी लिहिलेली पत्रं. यावरून रोजचा अंदाज प्रामाणिकपणे बांधता येतो. अंदाज आहे तर ‘सुमारे’ लिहा. आकडा फुगवू नका. निवडीआधी माणसाची चौकशी होते आणि खोटा आकडा निघाला तर मान खाली घालायची वेळ मावशींवर येते, अर्ज भरणाऱ्यावर नाही.

जन्मतारखेकडे लक्ष द्या. जुन्या माणसांची आधारवर 1 जानेवारी आणि शाळेच्या दाखल्यावर जूनमधली कुठलीतरी तारीख असते. ओळखपत्रावरचीच तारीख आणि त्यावरचंच पूर्ण नाव सगळीकडे ठेवा. गावात ‘आक्का’ म्हणून ओळखतात तर ते वर्णनात येऊ द्या, नावाच्या रकान्यात नको.

“वरपर्यंत ओळख आहे, नाव लावून देतो” म्हणत पैसे मागणारे भेटतील. त्यांना दारातूनच परत पाठवा. नामांकनं पंतप्रधानांनी नेमलेल्या समितीपुढे जातात, कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष असतात. मरणोत्तर, परदेशी आणि अनिवासी भारतीय सोडले तर वर्षाला जास्तीत जास्त 120 पुरस्कार, सगळ्या देशात मिळून. नाव न आलं तर अर्ज वाईट होता असं समजायचं कारण नाही. जमवलेले कागद मात्र जपून ठेवा, पुढच्या वर्षी तेच कामाला येतील.

नाव आलं तर राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळतं. रोख रक्कम नाही, रेल्वेत सवलत नाही. हे घरच्यांना आधीच सांगा, कारण घराचं कर्ज फिटेल या आशेवर बसलेली मुलं मी पाहिली आहेत. पद्मश्री ही पदवीही नाही, ती नावाच्या मागे-पुढे लावता येत नाही. उत्साहाच्या भरात कुणी खानावळीच्या पाटीवर मावशींच्या नावाआधी ‘पद्मश्री’ रंगवायला निघालं, तर पेंटरला वेळीच थांबवा.