सहा मिलिमीटरचा पेच : गॅस ब्लोबॅक पिस्तुलाची पार्श्वभूमी

नवे गॅस ब्लोबॅक पिस्तूल, म्हणजे गॅसच्या दाबाने प्लॅस्टिकची गोळी मारून हाताला झटका देणारे खेळाचे पिस्तूल, येत असल्याची बातमी लागली की म्हापसा, फोंडा, मडगावच्या एअरसॉफ्टवेड्यांत, म्हणजे अशा पिस्तुलांनी एकमेकांवर खेळणाऱ्यांत, आधी स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग), हॉप-अप (गोळीला फिरकी देणारा भाग) आणि मॅगझिन (गोळ्या आणि गॅस भरायची पेटी) यांवर बोलणे होते. मग सगळे एकाच प्रश्नाशी येऊन अडतात : हे इथे मागवता येईल का? या प्रश्नामागे जपानमधला एक कायदा आहे आणि २०१६ साली दिल्लीत लिहिलेली, शस्त्र नियमांतली एक ओळ आहे. जास्त त्रास त्या ओळीचाच.

जपानमध्ये सामान्य माणसाला खरे पिस्तूल बाळगता येत नाही. त्यामुळे तिथे धातूच्या हुबेहूब प्रतिकृतींचा शौक वाढला. १९७१ साली कायदा बदलला. धातूच्या पिस्तूल-प्रतिकृतीची नळी बुजवलेली आणि रंग पांढरा किंवा पिवळा असणे सक्तीचे झाले, आणि १९७७ साली बंधने आणखी कडक झाली. कारखानदार प्लॅस्टिककडे वळले आणि ६ मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी हवेच्या दाबाने फेकणारी पिस्तुले आली. सुरुवातीला प्रत्येक गोळीआधी हाताने स्प्रिंग ओढावी लागे. नंतर गॅस आला, पण स्लाइड जागची हलत नसे. १९९०च्या दशकात ब्लोबॅक रुळले. घोडा पडला की मॅगझिनमधला व्हॉल्व्ह उघडतो, गॅस आधी गोळी ढकलतो, मग नोझलमधली छोटी झडप पुढची वाट बंद करते आणि उरलेला दाब स्लाइडला मागे फेकतो. घोडा पुन्हा चढतो, पुढची गोळी नळीत जाते. हाताला बसणारा तो झटका हेच या पिस्तुलाचे सारे आकर्षण.

गॅसही बदलत गेला. आधी वापरात होता तो सीएफसी-१२. ओझोनच्या थराला तो घातक ठरला आणि विकसित देशांत १९९५ अखेर त्याचे उत्पादन थांबले. जागा घेतली एचएफसी-१३४एने, म्हणजे गाडीच्या एसीत असतो तोच. जपानबाहेर, मुख्यतः तैवान आणि हाँगकाँगमध्ये, सिलिकॉन तेल मिसळलेला प्रोपेन 'ग्रीन गॅस' नावाने चालला आणि त्याचा जादा दाब सोसणाऱ्या धातूच्या स्लाइडही तिथेच निघाल्या.

आता ती ओळ. भारताचा शस्त्र कायदा १९५९चा, अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ रोजी. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. त्या कायद्याखालचे जुने नियम जाऊन जुलै २०१६ मध्ये नवे आले. त्यांत हवेच्या बंदुकांसाठी दोन मोजमापे ठरली : नळीतून सुटताना गोळीची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त असेल, किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर परवाना हवा. दोन्हींपैकी एक मर्यादा ओलांडली तरी पुरे.

शिशाच्या छऱ्यांसाठी ही अट समजते. .२२ किंवा .२५ इंच व्यासाची एअर रायफल पाखरे आणि लहान जनावरे मारते. रानात बंदूक घेऊन शिरणाऱ्यांना आळा हवा, हे गोव्याच्या सत्तरी-सांग्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पण व्यास वाढला की धोका वाढतो हे गृहीतक धातूच्या छऱ्याचे आहे. एअरसॉफ्टची गोळी ६ मिलिमीटरची, प्लॅस्टिकची, साधारण ०.२० ग्रॅम वजनाची. ती सेकंदाला ९९ मीटर वेगाने सुटली तरी ऊर्जा जेमतेम ०.९८ जूल भरते, २० जूलच्या विसाव्या भागाहून कमी. उलट ४.५ मिलिमीटरची पोलादी गोळी मारणारे, कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्यावर चालणारे पिस्तूल दोन-तीन जूल देते. पोलादी गोळी आदळून उलटी येते आणि चश्मा नसेल तर डोळा जातो. तरीही ते दोन्ही मर्यादांच्या आत बसते. कमी ताकदीचे, एकमेकांवर खेळण्यासाठीच बनवलेले साधन मात्र व्यासावर अडते. नियम लिहिताना हा खेळ डोळ्यांसमोर असता तर ओळ अशी लिहिली गेली नसती.

विरोधी बाजू व्यासाची नाही, दिसण्याची आहे. रात्री नाकाबंदीवरच्या शिपायाला समोरच्या हातातले पिस्तूल गॅसचे की खरे हे ओळखता येत नाही, आणि लुटालुटीत नकली पिस्तुलाचा धाक दाखवला जातोच. ही हरकत खरी आहे. पण तिचे उत्तर मिलिमीटरमध्ये मिळत नाही. अमेरिकेने १९८८च्या कायद्याने नळीचे टोक नारिंगी ठेवायला लावले. ब्रिटनने २००६च्या कायद्याने हुबेहूब प्रतिकृतींच्या विक्रीला आवर घातला आणि नोंदलेल्या खेळाडूंना वाट ठेवली. पुढे २०१७ साली एकेका गोळीला २.५ आणि सलग माऱ्याला १.३ जूल अशी मर्यादा कायद्यातच लिहिली. धावत्या गाड्यांवर तीव्र ताकदीच्या एअरसॉफ्टने गोळ्या मारल्याच्या घटनांनंतर जपानने २००६ साली ६ मिलिमीटरसाठी ०.९८ जूल ठरवले. या देशांपैकी कोणी ऊर्जा मोजली, कोणी दिसण्याचा बंदोबस्त केला, कोणी दोन्ही केले. भारतात मात्र पेच तसाच आहे. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे झाले, पण तो आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांपुरता. त्यामुळे हे पिस्तूल खेळण्यांतही धड मोडत नाही. कस्टम्समध्ये पार्सल अडकते ते शस्त्रे आणि खेळणी या दोन नियमांमधल्या मोकळ्या जागेत.

नियम उद्या सुटला तरी गोव्याचे हवामान उरतेच. २० अंशांना प्रोपेनचा बाष्पदाब (बंद टाकीतल्या द्रवरूप गॅसचा दाब) सुमारे ८.४ बार असतो आणि ३३ अंशांना १३४एचाही जवळपास तेवढाच. म्हणजे एप्रिल-मेच्या दुपारी पणजीत साधा जपानी गॅस भरला तरी पिस्तुलाला थंड देशातल्या ग्रीन गॅसचा मार सोसावा लागेल. जपानी पिस्तुलाची स्लाइड कायद्यामुळे प्लॅस्टिकची असते आणि या दाबाला ती तडकू शकते. हिवाळ्यात मॅगझिन गारठून दाब पडण्याची युरोपातली तक्रार इथे फारशी येणार नाही, एवढाच फायदा. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांपुढे द्रवरूपात राहत नाही आणि नंतर उष्णतेबरोबर त्याचा दाब झपाट्याने चढतो. पावसाळा सोडला तर इथल्या बहुतेक दुपारी पारा त्याच्या वर असतो. त्यामुळे नव्या मॉडेलची कार्बन डायऑक्साइडची आवृत्ती गोव्यासाठी निवडण्याजोगी नाही.