परदेशी नवलाईच्या वस्तू आणि मुंबईतील घर : मागणी नोंदवण्यापूर्वी वाचावयाचे माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमच्या दादरच्या दुकानात येणारे बरेच ग्राहक मोबाइलवरील छायाचित्र पुढे करून ‘हे मागवून द्याल का?’ असे विचारतात. ते छायाचित्र कधी आकडे केशरी उजेडात उजळणाऱ्या घड्याळाचे असते, कधी मान डोलावत पाणी पिणाऱ्या काचेच्या पक्ष्याचे, तर कधी जपानी अॅनिमे मालिकेतील एखाद्या पात्राच्या मूर्तीचे असते. बहुतेक वस्तू मागवता येतात. मात्र ती वस्तू ज्या हवेचा आणि ज्या विजेचा विचार करून घडवलेली असते ती हवा आणि ती वीज मुंबईच्या घरात नसते, आणि विक्रेत्याच्या चित्रफितीत ही गोष्ट कधीच सांगितलेली नसते. म्हणून किंमत ठरवण्याआधी पुढील माहिती वाचावी, अशी विनंती आहे.

विजेसंबंधी

आपल्याकडे घरगुती वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची असते. अमेरिकेत ती 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झची असते; जपानमध्ये दाब 100 व्होल्ट असून देशाच्या पूर्व भागात 50, तर पश्चिम भागात 60 हर्ट्झ वारंवारता वापरली जाते. चपट्या पिनेचा प्लग आपल्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून बाजारात मिळणारी जोडपिन केवळ पिनेचा आकार बदलते, विजेचा दाब बदलत नाही. यंत्राच्या चार्जरवर ‘100–240 व्होल्ट’ असे छापलेले असेल तर काळजीचे कारण नाही. तसे नसेल तर दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो.

ट्रान्सफॉर्मरनेही सुटत नाही अशी एक अडचण जुन्या फ्लिप घड्याळांत येते. आकड्यांच्या पट्ट्या खटकन पालटणारी ही घड्याळे, म्हणजे इटलीतील उदिने येथील सोलारी कंपनीने रेल्वे स्थानकांसाठी आणि विमानतळांसाठी बनवलेल्या फलकांची घरगुती भावंडे, जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळांवर भरपूर मिळतात. त्यांतील विजेवर चालणाऱ्या बहुतेक घड्याळांची मोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते, त्यामुळे 60 हर्ट्झसाठी बनवलेले घड्याळ आपल्याकडे दर तासाला 10 मिनिटे मागे पडते. काही जपानी घड्याळांच्या पाठीमागे 50 आणि 60 यांसाठी खटका असतो आणि तो विक्रेत्याकडून छायाचित्रासह खात्री करून घेतल्याशिवाय आम्ही मागणी नोंदवत नाही. खटका नसल्यास वारंवारता बदलणारे सर्किट बसवता येते, पण ते अनेकदा घड्याळापेक्षा महाग पडते; अशा वेळी बॅटरीवर चालणारे नवे फ्लिप घड्याळ घेणे शहाणपणाचे, असे आमचे मत आहे.

केशरी उजेडात आकडे उजळणाऱ्या निक्सी घड्याळांना ही अडचण नाही, कारण ती बहुधा 5 किंवा 12 व्होल्टच्या चार्जरवर चालतात आणि आतील सर्किट तो दाब सुमारे 170 व्होल्टपर्यंत चढवते. अमेरिकेतील बरोज कंपनीने 1955 साली बाजारात आणलेल्या निक्सी नळीत निऑन वायू असतो आणि शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे बारीक तारेचे घडवून एकामागे एक उभे केलेले असतात. ज्या आकड्याला वीज मिळते त्याच्याभोवतीचा वायू उजळतो. आज मिळणाऱ्या घड्याळांत बहुधा सोव्हिएत काळातील शिल्लक नळ्या वापरतात. त्यांतील आयएन-12 या नळीचा पाच हा आकडा नीट पाहिल्यास उलटा केलेला दोन असल्याचे दिसते. नळी सदोष असल्याचे समजून ग्राहक ती परत आणतात, परंतु तो त्या नळीचा मूळ घाटच आहे. जो आकडा फारसा लागत नाही त्याच्या तारेवर कालांतराने थर साचून तो अर्धवट उजळू लागतो, म्हणून रात्री सर्व आकडे आळीपाळीने फिरवण्याची सोय असलेलेच घड्याळ घ्यावे. वीज जोडलेली असताना घड्याळाचे आवरण कोणीही उघडू नये.

हवा, उष्मा आणि दमटपणा

पाणी पिणारा पक्षी हे एक छोटे उष्णता-इंजिन आहे. त्याच्या चोचीवरील आणि डोक्यावरील कापड ओले झाले की पाण्याच्या बाष्पीभवनाने डोके थंड होते, आतील बाष्प आकसते, खालच्या फुग्यातील रंगीत द्रव नळीतून वर चढतो आणि जड झालेले डोके पेल्यात वाकते. त्याच क्षणी नळीचे खालचे टोक द्रवाबाहेर येते, द्रव परत खाली ओघळतो आणि पक्षी उभा राहतो. या सगळ्याचा भार बाष्पीभवनावर असल्यामुळे जुलैच्या ओल्या हवेत, जेव्हा गॅलरीतील कपडेसुद्धा दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा हा पक्षी मंदावतो किंवा थांबतो. तो बिघडलेला नसतो. त्याला वातानुकूलित खोलीत किंवा पंख्याच्या वाऱ्यात ठेवावे. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. आतील द्रव बहुधा डायक्लोरोमिथेन असतो आणि तो विषारी असल्याने पक्षी लहान मुलांच्या आणि मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवणे आवश्यक आहे.

गॅलिलिओ थर्मामीटर मुंबईसाठी घेऊ नये, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो. नळीतील द्रव तापला की त्याची घनता घटते आणि त्यात तरंगणाऱ्या काचेच्या गोळ्या एकेक करून बुडतात. तरंगणाऱ्यांपैकी सर्वांत खालच्या गोळीवरील आकडा हे त्या वेळचे तापमान. पाच गोळ्यांच्या नेहमीच्या नळीत हे आकडे 18 ते 26 अंश सेल्सिअसपर्यंतचे असतात, त्यामुळे आपल्या दिवाणखान्यात वर्षाचे बरेच महिने सर्व गोळ्या तळाशी जाऊन बसतात. ‘बीगल’ जहाजाचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय यांनी प्रसिद्धीस आणलेल्या स्टॉर्म ग्लास या द्रव भरलेल्या बंद काचनळीचेही तसेच आहे. कापूर, अल्कोहोल आणि क्षार यांच्या मिश्रणातील सुंदर स्फटिक गारव्यात वाढतात आणि उष्म्यात विरघळतात. त्यातून वादळाचा अंदाज येतो ही समजूत खरी नाही, आणि आपल्या हवेत तर काच बहुधा नुसती स्वच्छ दिसते. हौस म्हणून हवी असल्यास ती वातानुकूलित कचेरीतील टेबलावर ठेवावी.

एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांनी 1963 साली इंग्लंडमध्ये विक्रीस आणलेला लाव्हा लॅम्प, म्हणजे द्रवात मेणाचे गोळे वरखाली फिरणारा दिवा, येथे चालतो, पण अटी पाळाव्या लागतात. दिव्याचा बल्ब उजेडासाठी जितका, तितकाच आतील मेण तापवण्यासाठी असतो, त्यामुळे वीज वाचवण्याच्या हेतूने एलईडी बल्ब लावल्यास मेण तळाशी गोळा होऊन राहते. उलट मे महिन्यात खोलीच आधी तापलेली असल्याने मेण जास्त तापून वर अडकते किंवा त्याचे बारीक थेंब होतात. यासाठी आम्ही मंदक खटका (डिमर) जोडून देतो. अमेरिकी दिव्यातील 120 व्होल्टचा बल्ब काढून त्याच वॉटचा 230 व्होल्टचा बल्ब बसवला जातो. दिवा तापलेला असताना हलवू नये, अन्यथा द्रव कायमचा गढूळ होतो.

मूर्ती आणि मॉडेल

संग्राहकांचा एक ठाम समज असा की पेटी न उघडता ठेवलेली मूर्ती सर्वांत सुरक्षित. पीव्हीसीच्या मूर्तींबाबत मुंबईत हे नेमके उलट घडते. पीव्हीसी लवचीक राहावे म्हणून त्यात मिसळलेला पदार्थ उष्म्यात हळूहळू पृष्ठभागावर येतो, बंद पेटीत त्याला वाव न मिळाल्याने मूर्ती चिकट होते आणि त्या चिकटपणावर धूळ बसते. मूर्ती बाहेर काढून, ऊन न लागणाऱ्या आणि हवा खेळती असलेल्या कपाटात ठेवावी. चिकट झाल्यास कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुवावी.

1979 सालच्या गुंडाम या यंत्रमानवांच्या जपानी अॅनिमे मालिकेवरून पुढच्याच वर्षी निघालेली मॉडेल किट, ज्यांना चाहते गनप्ला म्हणतात, तुलनेने कमी त्रासाची आहेत, कारण आताच्या किटचे भाग गोंदाशिवाय एकमेकांत बसतात. नवख्याने 1/144 या प्रमाणातील किटपासून सुरुवात करावी. थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकच्या बनवलेल्या बाहुल्या मात्र गाडीच्या डॅशबोर्डवर लावू नयेत, कारण ते प्लास्टिक सुमारे 60 अंशांना मऊ पडते आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत डॅशबोर्ड तेवढा तापू शकतो.

चित्रे आणि रंग

चित्रांच्या प्रती मागवताना रंगद्रव्याच्या (पिगमेंट) शाईच्या आणि आम्लरहित कागदावरच्याच घ्याव्यात. चौकट करताना काच आणि कागद यांमध्ये अंतर ठेवावे आणि ओल येणाऱ्या बाहेरील भिंतीवर चित्र टांगू नये, नाहीतर एका पावसाळ्यात कागदावर तपकिरी ठिपके उमटतात.

अतिकाळ्या रंगाची चौकशी अलीकडे वाढली आहे आणि तिच्यामागची हकिकत मनोरंजक आहे. 1954 साली मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनीश कपूर यांना व्हॅंटाब्लॅक या अतिकाळ्या लेपाच्या कलेतील वापराचे एकाधिकार 2016 मध्ये मिळाले, तेव्हा ब्रिटिश चित्रकार स्टुअर्ट सेम्पल यांनी अत्यंत भडक गुलाबी रंग विक्रीस काढला आणि घेणाऱ्याने आपण कपूर नसल्याचे मान्य करावे, अशी अट घातली. कपूर यांनी त्याच रंगात बुडवलेले बोट इन्स्टाग्रामवर झळकवले. सेम्पल यांनी नंतर सर्वांसाठी काढलेला काळा अॅक्रिलिक रंग मागवता येतो. त्याने रंगवलेल्या वस्तूला हात लावू नये, कारण बोटांचा तेलकटपणा लागलेली जागा चकाकू लागते.

कस्टम्स

परदेशातील नातेवाइकांनी पार्सलवर ‘भेटवस्तू’ लिहून पाठवले की शुल्क लागत नाही, हे आता खरे नाही. डिसेंबर 2019 पासून पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची ती सवलत बंद झाली असून राखी आणि जीवनरक्षक औषधे हेच अपवाद आहेत. वस्तू ‘खेळणे’ ठरल्यास भार अधिक पडतो. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के झाले. शिवाय 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. म्हणून आम्ही अंदाजपत्रकात वस्तूची किंमत आणि शुल्क वेगवेगळे दाखवतो, आणि प्रत्यक्ष शुल्क पावतीनुसार आकारतो.

मागणी नोंदवण्यास येताना वस्तू जेथे ठेवायची त्या जागेचे आणि जवळच्या सॉकेटचे छायाचित्र आणावे. काचेची वस्तू घरी पोहोचल्यावर पेटी उघडतानाची चित्रफीत काढावी आणि तडा आढळल्यास आतील थर्माकोलसह पेटी तशीच ठेवून त्याच दिवशी कळवावे, कारण कुरिअर कंपनीकडे भरपाई मागताना मूळ वेष्टन दाखवावे लागते.