चित्र एक, आवाज एक, घड्याळं दोन

पुण्यात हल्ली गाण्याच्या घरगुती बैठकीत दोन यंत्रं हमखास दिसतात. मागच्या भिंतीशी ट्रायपॉडवर आडवा लावलेला मोबाइल आणि गायकासमोर ठेवलेला छोटा रेकॉर्डर. मोबाइलचं चित्र आता झकास येतं, पण इतक्या लांबून त्याच्या माइकला गायकाआधी पंखा आणि चहाचे कप ऐकू येतात, म्हणून आवाजाची सोय वेगळी. बैठक संपली की हातात दोन फायली उरतात. त्या एक करायला बहुतेक लोक एडिटिंगचं अ‍ॅप उघडतात, दोन्ही पट्ट्या एकाखाली एक लावतात, एक्स्पोर्ट दाबतात आणि जेवायला बसतात. जेवण होईपर्यंत फाइल तयार होते, पण चित्र थोडं मळलेलं असतं.

एवढा वेळ लागायची गरज नसते, आणि चित्र मळायचीही. नुसतं जोडायचं काम काही सेकंदांचं आहे. एका फायलीत गेल्यावरही चित्र आणि आवाज एकमेकांत मिसळत नाहीत, शेवटपर्यंत वेगळेच राहतात. एक होतं ते त्यांचं वेळापत्रक, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे.

आधी फायलीच्या आत डोकावू. एमपी४ हे चित्राच्या प्रकाराचं नाव नसून बाहेरच्या वेष्टनाचं, म्हणजे कंटेनरचं नाव आहे. अ‍ॅपलच्या १९९१ सालच्या क्विकटाइमच्या रचनेवर ते बेतलेलं आहे. आतलं चित्र बहुधा एच.२६४ किंवा एचईव्हीसी या कोडेकने, म्हणजे डेटा आवळायच्या पद्धतीने, आवळलेलं असतं आणि आवाज एएसीने. आवळावं लागतं, कारण १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला २५ फ्रेम असा हिशेब केला तर दर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट होतात. तासाभराच्या बैठकीला साडेपाचशे गीगाबाइट! कोडेक हे सेकंदाला मेगाबाइटभरावर आणून ठेवतो. नजरेला सहसा कळणार नाहीत असे बारकावे तो त्यासाठी कायमचे टाकून देतो.

एडिटिंग अ‍ॅप एक्स्पोर्ट करताना हा आवळलेला डेटा पूर्ण उलगडतं आणि पुन्हा नव्याने आवळतं. त्यात वेळ जातो, आणि बारकावे दुसऱ्यांदा गळतात. जोडणी करणारं सॉफ्टवेअर उलगडायच्या भानगडीत पडत नाही. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००० साली सुरू केलेलं एफएफएमपेग हे मोफत साधन त्यासाठी जगभर वापरलं जातं. दोन्ही फायली दाखवून त्याला ‘कॉपी’ असं सांगितलं की ते आवळलेले तुकडे जसेच्या तसे उचलून नव्या वेष्टनात भरतं. चित्राचा एक बिटही बदलत नाही. लागतो तो फक्त डिस्कवर नक्कल व्हायला लागेल तेवढा वेळ.

तुकडे भरतात ते आलटून पालटून: थोडं चित्र, थोडा आवाज, पुन्हा थोडं चित्र. सगळं चित्र आधी आणि सगळा आवाज शेवटी ठेवला, तर प्लेअरला दर क्षणी फायलीच्या दोन टोकांना धावावं लागेल. पण तुकडा कुठे पडला आहे यावरून तो केव्हा वाजायचा हे ठरत नाही. त्यासाठी वेळेची नोंद स्वतंत्र असते. एमपेग या चित्र-आवाजाच्या मानकांच्या प्रसारण पद्धतीत या नोंदीसाठी सेकंदाचे ९०,००० भाग करतात. आकडा विचित्र वाटतो, पण निवड हुशारीची आहे. २४ फ्रेमच्या सिनेमाला एक फ्रेम म्हणजे बरोबर ३७५० भाग, २५ फ्रेमच्या व्हिडिओला ३६००, ३० फ्रेमला ३०००, आणि अमेरिकी टीव्हीच्या त्या २९.९७ फ्रेमच्या त्रांगड्यालाही नेमके ३००३. यांत कुठेही अपूर्णांक उरत नाही, त्यामुळे तो साचत जाऊन तासाभराने गोंधळही घालत नाही.

आवाजाचे तुकडे वेगळ्या मापाचे असतात. एएसीचा एक तुकडा साधारणपणे १०२४ नमुन्यांचा, म्हणजे आवाजाच्या क्षणाक्षणाला घेतलेल्या मापांचा. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर तो २१.३३ मिलिसेकंद चालतो. २५ च्या गतीला चित्राची एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे दोघांच्या कडा सहसा जुळतच नाहीत. आठ फ्रेम आणि आवाजाचे पंधरा तुकडे झाले की ३२० मिलिसेकंदांवर दोघं एकदम समेवर येतात आणि पुन्हा आपापल्या मात्रा मोजत निघतात.

चित्र आणि आवाज एकाच पट्टीवर असूनही शेजारी नसणं, ही गोष्ट सिनेमावाल्यांना जुनीच. लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. तिथे ज्यांनी ३५ मिलिमीटरची प्रिंट हाताळली असेल त्यांना ठाऊक असतं की एखाद्या फ्रेमचा आवाज तिच्या कडेला छापलेला नसतो, तो २० फ्रेम पुढे, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटरवर असतो. प्रोजेक्टरच्या खिडकीत फिल्मला दर फ्रेमला क्षणभर थांबावं लागतं, तर आवाज वाचणाऱ्या भागातून ती अखंड सरकावी लागते. थांबणं आणि सरकणं एकाच जागी जमणार कसं? म्हणून दोन जागा. मधली फिल्मची सैल कमान ऑपरेटरने कमीजास्त घेतली की ओठ आणि शब्द यांची फारकत झालीच.

फिल्मच्या जमान्यात निदान प्रिंट एकच आणि तिला फिरवणारी मोटर एकच होती. आपल्या बैठकीतल्या दोन यंत्रांची घड्याळं मात्र दोन आहेत. रेकॉर्डर सेकंदाला ४८,००० नमुने घेतो म्हणजे त्याच्या क्वार्ट्झ स्फटिकाच्या मते जो सेकंद आहे त्यात घेतो. मोबाइलचा स्फटिक वेगळा, त्याचा सेकंद वेगळा. साध्या स्फटिकांत दहा लाखांत २० ते ५० भागांची चूक नेहमीची, आणि तापमानाप्रमाणे ती हलतेही. दोघांत दहा लाखांत ३० भागांचा फरक धरला तर एका तासात १०८ मिलिसेकंद, तीन तासांत जवळजवळ सेकंदाचा एक तृतीयांश. विलंबित ख्यालात हात आणि ठेका जुळलेले दिसतात, आणि शेवटच्या भैरवीत तबलजीचा हात एकीकडे, बोल दुसरीकडे.

यावर उपाय म्हणजे आवाजाची लांबी दहा लाखांत ३० भागांनी ताणायची किंवा दाबायची. सूर बिघडेल का? अर्धस्वराचे शंभर सेंट मानतात. या ताणाने सूर सेंटच्या विसाव्या हिश्श्याने हलतो. सवाई गंधर्वला पहिल्या रांगेत बसून माना हलवणाऱ्या कुणालाही तो कळणार नाही. एवढं मात्र लक्षात ठेवायचं की ताणलेला आवाज नव्याने आवळावा लागतो, त्याला ‘कॉपी’ चालत नाही. चित्राला अजूनही चालतं.

उरला प्रश्न सुरुवातीचा: शून्य कुठे धरायचं? शूटिंगच्या सेटवर यासाठी क्लॅप देतात, घरी टाळी पुरते. टाळी विसरली तर संगणक मदतीला येतो. मोबाइलचा खराब आवाज आणि रेकॉर्डरचा चांगला आवाज एकावर एक सरकवत तो दोघांचा गुणाकार करत जातो. जिथे या गुणाकारांची बेरीज सर्वांत मोठी येते, तिथे दोन्ही जुळले. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे संकेत एकत्र करतानाही आधी प्रत्येकाचा उशीर भरून काढतात आणि मग असाच गुणाकार करतात. तिथे विषय दीर्घिकांचा, इथे यमनचा. गणित एकाच जातीचं.

या जुळणीत एक गंमत लपलेली आहे. मोबाइल गायकापासून १७ मीटरवर असेल, तर आवाज त्याच्यापर्यंत पोचायला ५० मिलिसेकंद लागतात, प्रकाश मात्र तत्काळ पोचतो. म्हणजे मोबाइलमधला आवाज मुळातच चित्राच्या मागे आहे. रेकॉर्डरचा आवाज त्याच्याशी जुळवला की तोही तितकाच मागे पडतो. फारसं बिघडत नाही, कारण आपली सहनशीलता एकतर्फी आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी खटकू लागतो; मागे पडला तर १२५ पर्यंत लक्षात येत नाही. जन्मभर आपण तेच पाहत आलोय. विसर्जन मिरवणुकीत शंभर मीटरवरच्या पथकाकडे पाहा: टिपरू आधी पडतं, ढोल जवळजवळ ०.३ सेकंदाने घुमतो. आवाज चित्राआधी पोचल्याचा अनुभव निसर्गात येतच नाही. त्यामुळे शंका असेल तर आवाज किंचित मागे ठेवलेला बरा.

मोबाइलची आणखी एक खोड असते. उजेड कमी झाला की तो सेकंदाला कमी फ्रेम घेतो. प्रत्येक फ्रेमची वेळ फायलीत नोंदलेली असल्याने नुसत्या जोडणीत ती जशीच्या तशी जाते. काही एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र गती एकसारखीच आहे असं गृहीत धरतात, त्यामुळे चित्र आवाजापासून सुटत जातं, आणि मग बिचाऱ्या रेकॉर्डरवर खापर फुटतं.

एमपी४ मध्ये हे सगळं वेळापत्रक एका सूचीत असतं आणि ती सहसा रेकॉर्डिंग संपल्यावर लिहिली जाते. म्हणून मध्येच बॅटरी गेली तर गीगाबाइटच्या गीगाबाइट डेटा असूनही फाइल उघडत नाही. त्याच मोबाइलवर त्याच सेटिंगने घेतलेली दुसरी चांगली फाइल असेल तर तिच्या आधाराने सूची पुन्हा रचणारी साधनं आहेत, तेव्हा फाइल पुसण्याची घाई करू नका.

जोडलेली फाइल टीव्हीवर लावली आणि चित्र दिसूनही आवाज आला नाही, तर बहुधा त्या टीव्हीला आतला आवाजाचा कोडेक कळत नसतो. तेवढा आवाज एएसीत बदलायचा, चित्र कॉपी. आणि तपासताना सुरुवात पाहून समाधान मानू नका. पहिल्या मिनिटाला सगळं जुळलेलंच असतं. शेवटच्या दहा मिनिटांत तबल्यावरची एखादी ठसठशीत थाप शोधा आणि तिथे फ्रेम मागेपुढे करून पाहा.