आधी दफनभूमी, मग सिनेगॉग

न्यूपोर्ट हे अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातलं बंदराचं गाव. तिथल्या ज्यूंनी सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, बांधलं १७६३ साली, पण मृतांसाठी जागा घेतली त्याच्या ८६ वर्षं आधी, फेब्रुवारी १६७७ मध्ये. मोर्डेकाय कॅम्पानाल आणि मोझेस पाचेको या दोघांच्या नावे ते खरेदीखत झालं.

क्रम उलटा वाटतो, पण तो तसा नाही. प्रार्थनेला दहा पुरुष जमले की कुणाच्याही घरातली खोली पुरते. प्रेताला मात्र हक्काची, कायमची जमीन लागते, कारण एकदा केलेलं दफन हलवू नये असा ज्यूंचा दंडक आहे. परमुलखात ही मंडळी किती काळ टिकणार होती कुणास ठाऊक, मेलेल्यांची सोय त्यांनी आधी करून ठेवली.

ही माणसं मुळात स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंच्या वंशातली. तिथे पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या कॅथलिक धर्मन्यायालयाच्या धाकाने वरून ख्रिस्ती आणि घरात चोरून ज्यू असं जगावं लागे. ऱ्होड आयलंड वसाहतीला १६६३ च्या सनदेने धर्मस्वातंत्र्य मिळालं होतं, म्हणून पावलं इकडे वळली. पण आश्रय मिळाला म्हणजे बरोबरीचा हक्क मिळाला असं नव्हे. लिस्बनहून १७५२ मध्ये आलेल्या दुआर्ते लोपेझने इथे आरोन हे नाव घेतलं, सुंता करवून घेतली, बायकोशी ज्यू विधीने पुन्हा लग्न लावलं. व्हेल माशाच्या मेणाच्या मेणबत्त्या आणि जहाजांच्या व्यापारात तो गडगंज झाला. त्या जहाजांत गुलामांची ने-आण करणारीही होती, हे झाकून चालणार नाही. एवढं असूनही १७६२ मध्ये ऱ्होड आयलंडने त्याला नागरिकत्व नाकारलं. शेवटी ते शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये मिळालं. १७८२ मध्ये तो बुडून मेला आणि याच दफनभूमीत विसावला.

तोवर गावाची रया गेली होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, १७७६ च्या डिसेंबरात, ब्रिटिश फौजा शिरल्या, व्यापार बसला, ज्यू कुटुंबं पांगली. १८२२ मध्ये उरलेला शेवटचा ज्यूही न्यूयॉर्कला निघून गेला.

माणसं गेली, पण मेल्यावर परत येत राहिली. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या आयझॅक टुरोचा मुलगा अब्राहम १८२२ मध्ये बॉस्टनजवळ वारला, पुरला गेला न्यूपोर्टमध्ये. सिनेगॉगच्या देखभालीसाठी त्याने दहा हजार डॉलर ठेवले, वर दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी पाच हजार! त्याचा भाऊ जुडा न्यू ऑर्लिन्समध्ये श्रीमंत झाला. १८४० च्या दशकात त्याच्याच पैशातून ग्रॅनाइटचं कुंपण आणि दार उभं राहिलं. वास्तुकार आयझाया रॉजर्स याने ते दार इजिप्शियन थाटात घडवलं. इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण दरवर्षी पाळणाऱ्यांच्या दफनभूमीला इजिप्तचं दार, हे गमतीचंच. पण तेव्हा दफनभूमींसाठी तीच फॅशन होती. १८५४ मध्ये जुडालाही इथेच आणलं.

१८८३ मध्ये सिनेगॉग पुन्हा नियमित उघडलं. त्या सुमारास गावात येऊ लागलेले ज्यू बहुतेक पूर्व युरोपातले होते. जुन्या थडग्यांवरच्या पोर्तुगीज आडनावांशी त्यांचं रक्ताचं नातं नव्हतं.