निलंबन (महाराष्ट्र नागरी सेवा)

सरकारी कर्मचाऱ्याला त्याची नोकरी कायम ठेवून काही काळ कामापासून दूर ठेवण्याची प्रशासकीय कारवाई. बोलीभाषेत 'सस्पेंड होणे'. महाराष्ट्रात ती नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधील नियम 4 नुसार होते. नियमांच्या लेखी निलंबन ही शिक्षा नाही. शिक्षा नियम 5 मध्ये आहेत, ठपका ठेवण्यापासून बडतर्फीपर्यंत, आणि त्यांत निलंबन नाही. म्हणूनच आदेश काढण्यापूर्वी कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन नसते. गावात आणि नातेवाइकांत मात्र हा फरक कुणी करत नाही.

शिस्तभंगाची कारवाई चालू असेल किंवा 'योजिलेली' असेल, राज्याच्या सुरक्षिततेला बाध येईल असे वर्तन असेल, किंवा फौजदारी गुन्ह्याचा तपास वा खटला चालू असेल, तर निलंबित करता येते. कोठडीत 48 तासांपेक्षा जास्त काळ गेला, तर अटकेच्या तारखेपासून 'मानीव निलंबन' होते, म्हणजे कर्मचारी आपोआप निलंबित झाला असे मानले जाते. पुराव्यांत ढवळाढवळ होऊ नये, साक्षीदारांवर दडपण येऊ नये, हा निलंबनामागचा खरा हेतू. लाच घेताना सापळ्यात सापडलेल्या माणसाच्याच टेबलावर त्या प्रकरणाची फाईल राहू देणे कुणालाही पटणार नाही.

वादाचे मूळ 'योजिलेली' या शब्दात आहे. चौकशी करायचे मनात आहे एवढ्यावर माणूस घरी बसतो आणि दोषारोपपत्र, म्हणजे आरोपांची लेखी यादी, महिनोन्‌महिने येत नाही. आपल्यावर नेमका आरोप काय, हे त्याला अधिकृतपणे कळलेलेच नसते, मग उत्तर तरी कशाला देणार? निलंबनातला सर्वांत मोठा अन्याय हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2015 रोजी अजयकुमार चौधरी प्रकरणात यावर मर्यादा घातली: तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले नाही, तर निलंबन पुढे चालू ठेवता येणार नाही, बजावले असेल, तर मुदतवाढीच्या आदेशात कारणे द्यावी लागतील. खुद्द अर्जदार चौधरींना तोवर दोषारोपपत्र मिळालेले असल्यामुळे या निर्देशांचा त्यांना उपयोग झाला नाही. महाराष्ट्राने 9 जुलै 2019 च्या शासन निर्णयाने ही 90 दिवसांची मर्यादा स्वीकारली. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी 1965 च्या नियमांतही 90 दिवसांत आढाव्याची तरतूद आहे.

निलंबनाच्या आदेशात ठरलेले एक कलम असते: या काळात अमुक ठिकाण मुख्यालय राहील आणि सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय ते सोडता येणार नाही. म्हणजे काम नाही, पण गावी जायचे तरी अर्ज. पगाराऐवजी निर्वाह भत्ता मिळतो. तो अर्धपगारी रजेच्या वेतनाएवढा, अधिक त्यावरील महागाई भत्ता. मूळ वेतन 40,000 रुपये असेल, तर 20,000. तीन महिन्यांनंतर, निलंबन लांबण्याला कर्मचारी जबाबदार नसेल तर हा आकडा 30,000 पर्यंत वाढवता येतो. जबाबदार असेल तर 10,000 पर्यंत खाली आणता येतो. आपण दुसरीकडे नोकरी-धंदा करत नाही, असे प्रमाणपत्र कर्मचाऱ्याने द्यायचे असते.

या भत्त्याचा इतिहास महाराष्ट्रासाठी अभिमानाचा नाही. फौजदारी खटल्यात शिक्षा झालेल्या निलंबित कर्मचाऱ्याला अपील प्रलंबित असताना महिना फक्त 1 रुपया देण्याची तरतूद मुंबई नागरी सेवा नियमांत होती. सर्वोच्च न्यायालयाने ती 1983 मध्ये रद्द केली. एका रुपयात जगता येत नाही, हे सांगायला न्यायालय लागले! पुढे 1999 मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीतील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, निर्वाह भत्ता न दिल्यामुळे ज्याला चौकशीला हजर राहता आले नाही, त्याच्याविरुद्धची एकतर्फी चौकशी न्यायालयाने टिकू दिली नाही.

निलंबनाविरुद्ध अपील करता येते. राज्य कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडेही जाता येते. पुनःस्थापनेनंतर, म्हणजे पुन्हा कामावर घेतल्यावर, निलंबनकाळ कर्तव्यकाळ (कामावर असल्याचा काळ) धरायचा की नाही, हे स्वतंत्र आदेशाने ठरते. निलंबन सर्वस्वी असमर्थनीय होते असे सक्षम प्राधिकाऱ्याचे मत झाले, तर पूर्ण वेतन मिळते आणि दिलेला भत्ता त्यातून वजा होतो. कारवाई संपण्याआधीच कर्मचारी वारला, तर सारा निलंबनकाळ कर्तव्यकाळ धरून उरलेली रक्कम कुटुंबाला द्यावी लागते.