देव आहे हे नक्की कळलं तर? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

२३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास ब्लेझ पास्कल या फ्रेंच गणितज्ञाला एक विलक्षण अनुभव आला. तो सुमारे दोन तास टिकला. पास्कलने जे टिपून ठेवलं त्यात सलग वाक्यं फारशी नाहीत. वरच्या बाजूला एकच शब्द आहे, 'अग्नी'. मग 'अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव. तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे'. त्यानंतर 'खात्री' हा शब्द, लागोपाठ दोनदा. हा मजकूर त्याने अंगरख्याच्या अस्तरात शिवून घेतला. १६६२ च्या ऑगस्टमध्ये तो वारला, त्यानंतर त्याचे कपडे हाताळताना नोकराला अस्तरात काहीतरी जाड लागलं आणि तो कागद बाहेर आला. आठ वर्षं तो अंगावर बाळगला होता.

याच पास्कलने पुढे पैजेचा तो प्रसिद्ध युक्तिवाद लिहिला: देव आहे की नाही हे बुद्धीने ठरत नाही, मग कोणत्या बाजूला आयुष्य लावणं शहाणपणाचं? स्वतःला खात्री मिळालेल्या माणसाने खात्री नसलेल्यांसाठी हा हिशेब मांडला, आणि त्यात स्वतःच्या त्या रात्रीचा पुरावा म्हणून एकदाही उपयोग केला नाही. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपली खात्री दुसऱ्याच्या हातात ठेवता येत नाही, हे त्याला कळलं असावं.

'देव आहे हे उद्या निःसंशय सिद्ध झालं तर माझ्या श्रद्धेचं आणि जगण्याचं काय होईल?' हा प्रश्न आज विचारला जातो तो बहुधा कल्पनेचा खेळ म्हणून. त्याच्यामागे बराच मोठा इतिहास आहे.

संशय हे आधुनिक काळाचं अपत्य आहे असा एक समज आहे. तो खरा नाही. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातल्या इंद्रसूक्तातच 'तो कुठे आहे' असं विचारणारे आणि 'तो नाहीच' म्हणणारे लोक आहेत. आठव्या मंडलात कुणी नेम म्हणतो, इंद्र नाही. त्याला पाहिलंय कुणी? ज्या स्तोत्रांत स्तुती आहे त्याच स्तोत्रांत हा आवाज जपून ठेवला आहे. पुढे सांख्य या तत्त्वज्ञानाच्या सूत्रांत 'ईश्वरासिद्धेः' असं सूत्र आलं: ईश्वर सिद्ध होत नाही. सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल भट्टाने जगाचा कुणी कर्ता मानण्याविरुद्ध कसून युक्तिवाद केले, आणि वेदविधींचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतला हा मीमांसक वेदातल्या कर्तव्यांबाबत कमालीचा काटेकोर होता. जैन आणि बौद्ध परंपरांनी सृष्टिकर्त्या ईश्वराशिवाय अत्यंत कडक आचारधर्म उभा केला. म्हणजे 'देवाची खात्री असेल तरच माणूस नीट वागेल' या म्हणण्याला इतिहासाची साथ मिळत नाही.

दुसऱ्या बाजूला सिद्धता देणारे होते. त्यांच्याबद्दल एक गैरसमज आहे, की त्यांना फक्त नास्तिकाला हरवायचं होतं. हरवायचं होतंच, पण तेवढंच नव्हे. दहाव्या-अकराव्या शतकातला नैयायिक, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शनाचा पंडित, उदयन ईश्वरसिद्धीवरच्या आपल्या 'न्यायकुसुमांजली' या ग्रंथाच्या आरंभीच सांगतो की ही तर्कचर्चा म्हणजे मनन आहे, श्रवणानंतर येणारी उपासनाच आहे. ग्रंथाचं नावही बघा: तर्काच्या फुलांची ओंजळ. युरोपात साधारण त्याच्या शंभरेक वर्षांनी, १०७७-७८ च्या सुमारास, अन्सेल्म या ख्रिस्ती मठवासीयाने देवाच्या कल्पनेतूनच देवाचं अस्तित्व सिद्ध करणारा युक्तिवाद मांडला, तो प्रार्थनेच्या रूपात. युक्तिवाद ज्याच्याविषयी चालला आहे त्यालाच उद्देशून तो बोलत राहतो. दोघांच्याही बाबतीत श्रद्धा आधीपासून होती, सिद्धता तिच्या मागून आली.

सिद्धता हाताशी असूनही खात्री नसणं म्हणजे काय, हे बगदादच्या अल्-गझाली या मुस्लिम धर्मपंडिताने स्वतःच्या उदाहरणाने लिहून ठेवलं आहे. निझामिया या त्या काळच्या सर्वांत मानाच्या विद्यापीठात तो शिकवत होता. १०९५ मध्ये त्याची वाचा बसली, घास गिळेना, आणि शेवटी तो सगळं सोडून बाहेर पडला. आपल्या आत्मकथनात तो खात्रीची कसोटी सांगतो: दहा हे तीनपेक्षा जास्त आहेत हे मला कळतं, आता कुणी म्हणालं की तीन जास्त आहेत, आणि पुराव्यादाखल माझ्यासमोर काठीचा साप करून दाखवला, तर मला त्याच्या करामतीचं आश्चर्य वाटेल, माझ्या ज्ञानाबद्दल शंका येणार नाही. 'देवाने एकदा चमत्कार दाखवावा, मग मी मानेन' असं म्हणणाऱ्याने हे वाक्य जरूर विचारात घ्यावं. चमत्काराने माणूस थक्क होतो, पण थक्क होणं आणि खात्री पटणं यांत अंतर आहे. पुढे गझालीच म्हणतो की आरोग्याची व्याख्या ठाऊक असणं आणि निरोगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं, त्यांचं काय झालं? याबद्दल धर्मग्रंथांनीच जे लिहून ठेवलंय ते आजच्या चर्चेत अभावानेच येतं, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत सकस भाग तोच आहे.

बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात समुद्र दुभंगलेला पाहिलेले, सिनाय पर्वतावरचा गडगडाट ऐकलेले लोक त्यांचा पुढारी मोशे चाळीस दिवस वर थांबला एवढ्या कारणाने सोन्याचं वासरू करून पुजायला लागतात. पुरावा याहून ढळढळीत काय असायचा! कुराणात बुडता बुडता फारोह, म्हणजे इजिप्तचा राजा, म्हणतो, आता माझा विश्वास बसला. त्याला उत्तर मिळतं, 'आत्ता?' कुराणाच्या सहाव्या सुऱ्यात (अध्यायात) हेच तत्त्व म्हणून येतं: निशाणी उघड दिसल्या दिवशी ठेवलेला विश्वास, आधी नसेल तर, कामाचा नाही. नव्या करारात याकोबाच्या पत्रात तर एक अंगावर येणारं वाक्य आहे: देव एकच आहे हे भुतंही मानतात, आणि थरथर कापतात. म्हणजे अस्तित्वाची खात्री त्यांनाही आहे. त्या खात्रीने ती बदलत नाहीत.

आणि अर्जुन. गीतेच्या अकराव्या अध्यायात त्याने मागून घेतलेलं दर्शन त्याला मिळतं, आणि त्याची पहिली प्रतिक्रिया आनंदाइतकीच भीतीची आहे. त्याच्या तोंडून निघते ती क्षमायाचना: तुला सखा समजून मी 'अरे कृष्णा, अरे यादवा' म्हणालो, बसता-उठता, जेवताना, थट्टेत तुझा अनादर केला, त्याची क्षमा कर. इतक्या वर्षांची मैत्री त्या एका क्षणात अपराधासारखी वाटू लागते. मग तो विनवणी करतो की हे रूप आवर, नेहमीचं दाखव; आणि मनुष्यरूप पुन्हा दिसल्यावरच त्याचं चित्त ठिकाणावर येतं.

विश्वरूप पाहून झाल्यावरही अठराव्या अध्यायात कृष्ण त्याला सांगतो, 'यथेच्छसि तथा कुरु', पूर्ण विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. निर्णय अजून अर्जुनाचाच आहे. आणि महाभारतात याच्याही पुढचा प्रसंग आहे, जो फारसा सांगितला जात नाही. युद्ध संपल्यावर, आश्वमेधिक पर्वात, अर्जुन कृष्णाला म्हणतो: युद्धाच्या वेळी तुझं माहात्म्य मला कळलं, तुझं ते ईश्वरी रूपही, पण तेव्हा तू जे सांगितलंस ते सगळं माझ्या मनातून गेलं. कृष्णाला हे आवडत नाही. ते जसंच्या तसं पुन्हा सांगणं आता मलाही शक्य नाही, असं तो म्हणतो, आणि वेगळ्या वाटेने सांगू लागतो, तीच अनुगीता. अर्जुनाला देव पाहिल्याचं आठवतं. कसं जगायचं ते तो विसरला. 'देव नक्की आहे असं कळलं तर माझं आयुष्य बदलेल' या गृहीतकाला इतकं थेट उत्तर मला दुसरीकडे कुठे आढळलेलं नाही.

वागणुकीबद्दल यक्षप्रश्नांतलं उत्तरही इथे आठवावं. सर्वांत मोठं आश्चर्य कोणतं, या प्रश्नावर युधिष्ठिर म्हणतो: रोज माणसं यमाच्या घरी जातात, आणि उरलेल्यांना कायमचं राहावंसं वाटतं. मरण हे माणसाला ठाऊक असलेलं सर्वांत खात्रीचं सत्य. त्या खात्रीवर आपण आयुष्य रचतो का?

तत्त्वज्ञांनी या प्रश्नाला नेमकं रूप दिलं ते नंतर. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने म्हटलं की एकच गोष्ट एकाच माणसाला एकाच वेळी पक्की ज्ञात आणि श्रद्धेने मानलेली असू शकत नाही. ज्ञान आलं की त्या जागची श्रद्धा संपते. पण खरा टोकदार विचार इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाचा, १७८८ मधला. आधीच्या ग्रंथात देवाच्या सगळ्या प्रचलित सिद्धता त्याने मोडीत काढल्या होत्या. आता तो विचारतो: समजा देव आणि अनंतकाळ आपल्या डोळ्यांसमोर सतत उभे असते, तर? उत्तर असं की नियमभंग टळले असते, आज्ञा पाळल्या गेल्या असत्या; पण बहुतेक भीतीपोटी, थोड्या आशेपोटी आणि कर्तव्य म्हणून एकही नाही. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात सगळ्यांचे हातवारे ठाकठीक होतात, तसं. पण त्या आकृत्यांत जीव नसता. आपल्याला जे कळत नाही ते न कळणंही तितकंच शहाणपणाचं आहे, असा त्याचा निष्कर्ष.

कांटचं म्हणणं भारावून टाकणारं आहे, तरी मला ते पूर्ण पटत नाही. वासराची कथा आणि अर्जुनाची कथा दोन्ही सांगतात की डोळ्यांसमोर उभी राहिलेली खात्रीही माणसाची मोकळीक काढून घेत नाही, इतकी माणसाची स्मृती कच्ची आहे. 'देव पाहतोय' या जाणिवेने वागणूक सुधारते का, हे प्रयोगांतून तपासायचाही प्रयत्न झाला. २००७ मधल्या एका गाजलेल्या प्रयोगात देवाशी संबंधित शब्द नकळत वाचायला दिलेल्या माणसांनी अनोळखी व्यक्तीला जास्त पैसे दिले. २०१५ मध्ये तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही.

एकोणिसाव्या शतकातला वाद पुष्कळांना माहीत असतो. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणं कधीही, कुणालाही, कुठेही चूकच, असं विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये बजावलं. काही निवडी पुराव्याची वाट पाहत थांबत नाहीत, असं विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८९६ मध्ये उत्तर दिलं. विसाव्या शतकात नॉर्वूड रसेल हॅन्सन या अमेरिकन तत्त्वज्ञाने आपल्या नास्तिकतेची अट उघडपणे सांगून टाकली: एका सकाळी सगळं जग गडगडाटाने गुडघ्यांवर यावं, आकाश दुभंगावं, महाकाय आकृती दिसावी आणि तिने माझ्याकडे बोट दाखवून मी आहे असं सांगावं, मग मी मानेन. ही अट प्रामाणिक आहे. पण अशा आकृतीपुढे माणूस मान तुकवेल, तिच्यावर जीव लावेल का, हे त्या अटीत येत नाही.

१९६६ मध्ये जॉन हिक या ब्रिटिश तत्त्वज्ञाने कांटचाच धागा पुढे नेला: माणसाला स्वतःहून जवळ येता यावं म्हणून देवाने ज्ञानाचं अंतर राखलं आहे, म्हणजे आपलं अस्तित्व उघड दाखवलेलं नाही. यावर १९९३ मध्ये कॅनडाच्या जे. एल. शेलेनबर्ग या तत्त्वज्ञाने जे विचारलं त्याने चर्चेची दिशाच बदलली. देव प्रेमळ असेल तर ज्याला नातं हवं आहे त्याला तो निदान आहे एवढं तरी कळू देईल, आणि मनापासून शोधूनही ज्यांना काहीच सापडत नाही अशी माणसं आहेत, मग? पास्कलने लिहिलं होतं की ज्यांना पाहायची इच्छा आहे त्यांच्यापुरता उजेड जगात आहे. शेलेनबर्ग अशांकडे बोट दाखवतो ज्यांना इच्छा आहे आणि तरी दिसत नाही.

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला तो याचमुळे. १९४६ मध्ये दार्जिलिंगच्या आगगाडीत त्यांना स्पष्ट हाक ऐकू आली होती. काम सुरू झालं आणि त्यानंतरची बहुतेक सगळी वर्षं, जवळजवळ अर्धं शतक, त्यांनी आतल्या काळोखाबद्दल लिहिलं. काम मात्र चालू राहिलं. त्यांच्याबद्दल कुणाचं काहीही मत असो, खात्रीचा अनुभव ओसरल्यावरही आयुष्याची दिशा टिकू शकते, एवढं त्या पत्रांतून दिसतं. ती टिकवायला काय सोसावं लागलं, तेही.

भागवतात यशोदा कृष्णाच्या तोंडात अख्खं विश्व पाहते. क्षणभर तिला सगळं कळतं. लगेच तिच्यावर माया पसरली जाते, ती ते विसरते आणि मुलाला पुन्हा मांडीवर घेते. देवाच्या लपण्याचं समर्थन करणाऱ्यांना हिच्याहून गोड कथा मिळणार नाही: प्रेमाला वाव राहावा म्हणून खात्री काढून घेतली गेली. मलाही ती फार प्रिय आहे. पण विसर पडतो तेव्हा मूल यशोदेच्या मांडीवर असतं. शेलेनबर्ग ज्यांच्याविषयी लिहितो ते वर्षानुवर्षं हाक मारत राहिले आणि त्यांची मांडी रिकामीच आहे. हिकचं उत्तर त्यांच्यापर्यंत अजून पोचलेलं नाही.