८ ओहम दोन्हींवर लिहिलेलं असतं, पण अर्थ वेगळा

महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी काकांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर आहे. गणपतीत मंडळाचे स्पीकर त्याच्यावरच वाजायचे. त्याच्या मागे ४, ८, १६ ओहम (स्पीकर विजेला किती विरोध करतो त्याचं माप) अशी वेगवेगळी टर्मिनलं आहेत. माझ्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर मात्र एकच ओळ: ४ ते ८ ओहम. आकडे तेच, म्हणून दोघांना एकच नियम लावला जातो आणि तिथेच घात होतो.

ट्रान्झिस्टरवाल्याचं सोपं आहे. तो स्पीकरला ठरावीक व्होल्टेज देतो. २० व्होल्ट ८ ओहमवर पडले की ५० वॉट, ४ ओहमवर जवळपास १००. त्याहून कमी ओहम लावले तर करंट वाढून ट्रान्झिस्टर जळतात. १६ चा लावला तर वॉट निम्मे, बाकी काही बिघडत नाही.

व्हॉल्व्हला करंट कमी आणि व्होल्टेज जास्त लागतं. ईएल ८४ या व्हॉल्व्हच्या जोडीला समोर साधारण ८००० ओहमचा भार हवा असतो. स्पीकर तर ८ चा. ही दरी भरतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर, म्हणून तर ते धूड उचलताना हात भरून येतात. त्यात वेढ्यांच्या गुणोत्तराचा वर्ग चालतो: प्रायमरीचे (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीचे) सुमारे ३२ वेढे तर सेकंडरीचा (स्पीकरकडच्या गुंडाळीचा) १, म्हणजे ३२ चा वर्ग, ओहम हजारपट. आता ८ च्या टर्मिनलला ४ चा स्पीकर जोडला, की व्हॉल्व्हला ४००० च दिसतात. वॉट दुप्पट होत नाहीत, उलट बहुतेक वेळा घटतात, आणि व्हॉल्व्ह जास्त तापतात. म्हणून ४ चा स्पीकर ४ च्याच टर्मिनलला.

सगळ्यात मोठा फरक वायर सुटल्यावर कळतो. ट्रान्झिस्टरवाला स्पीकरविना निवांत चालू राहतो. त्याला भीती शॉर्टची. व्हॉल्व्हचं उलटं. थोडा वेळ शॉर्ट तो बहुधा सोसतो, पण स्पीकर सुटलेला असताना गाणं चालू राहिलं तर प्रायमरीत व्होल्टेज भयंकर उसळतं, सॉकेटवर ठिणग्या उडतात, वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं. मी एका उन्हाळ्यात स्पीकरची वायर न बघताच व्हॉल्यूम वाढवला होता. जळक्या वार्निशचा तो वास अजून आठवतो. ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घ्यावा लागला.

आणि मल्टिमीटरने स्पीकर मोजला आणि ६ च्या आसपास आकडा आला, तर त्याला ६ ओहमचा समजू नका. मीटर नुसत्या तारेचा डीसी रेझिस्टन्स दाखवतो, स्पीकरवरचा ८ हा आकडा गाणं वाजतानाच्या एसी विरोधाचा असतो. तो ८ चाच स्पीकर आहे, ८ च्याच टर्मिनलला जाईल.